गेम तयार होईपर्यंत घर कशावर चालायचे?

स्वतःचा व्हिडिओ गेम तयार करून त्यावर उपजीविका करू पाहणाऱ्या, किंवा घरातल्या कुणाला तसे करताना पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून अंधेरीतील एका व्हीएफएक्स स्टुडिओत सात वर्षे नोकरी करतो. हातात ६८,००० रुपये पगार येतो. भांडुपला वडिलांच्या मालकीच्या घरात आई-वडिलांसोबत राहतो. शिवडीच्या खाडीत ओहोटीच्या वेळी वाट शोधणाऱ्या एका कोळी मुलीवर मी गेम तयार करत आहे. नोकरी सोडून पूर्ण वेळ दिला, तर तो १८ महिन्यांत होईल असा अंदाज आहे. साडेआठ लाखांची बचत आहे आणि महिन्याचा खर्च ३२,००० आहे, म्हणजे २६ महिने निघतील. नोकरी सोडावी का? — एक वाचक, भांडुप

उत्तर : तुम्ही पत्रासोबत जोडलेला खर्चाचा कागद मी दोनदा वाचला. किराणा, दूध, सोसायटीचे मेंटेनन्स, लोकलचा पास, मोबाइल, बाबांची औषधे, अगदी गणपतीची वर्गणीसुद्धा त्यात आहे. इतक्या काटेकोरपणे हिशोब मांडणारी तरुण माणसे कमी असतात, म्हणूनच त्यात जे राहून गेले आहे ते तुम्हाला सांगितले पाहिजे. सध्या तुमच्या आई-वडिलांचा आरोग्य विमा तुमच्या ऑफिसच्या गटविम्यात आहे आणि राजीनामा दिल्यावर तो संपेल. साठीपुढच्या दोन माणसांचा नवा मेडिक्लेम घेताना हप्ता किती येतो, याची चौकशी आजच करावी. दिवसभर घरी बसून काम करायचे म्हणजे विजेचे बिल वाढणार, मे महिन्यात तर विशेषच. ज्या लॅपटॉपवर तुम्ही काम करता तो, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, चार वर्षांचा झाला आहे. तो तुमचा गेम पुरा होईपर्यंत टिकेल असे धरून चालता येणार नाही. ही सारी भर घातली, की तुमचा ३२,००० चा आकडा ४७,००० च्या आसपास जातो. बचतीतले अडीच लाख आजारपणासाठी बाजूला ठेवले, आणि ते ठेवलेच पाहिजेत, तर उरलेले सहा लाख जेमतेम बारा-तेरा महिने पुरतात.

आता १८ महिन्यांच्या अंदाजाबद्दल. गेमचा खेळण्याजोगा भाग लवकर उभा राहतो आणि त्याच उत्साहात उरलेल्या कामाचा अंदाज बांधला जातो. पण जतन केलेला खेळ पुन्हा नीट उघडणे, निरनिराळ्या संगणकांवर तो चालणे, मेनू, भाषांतर, चुका शोधून दुरुस्त करणे, ही न दिसणारी कामे वेळ खातात. एकट्याने पहिलाच गेम करणाऱ्याने आपल्या अंदाजाच्या दीडपट वेळ धरावा, असे मी सर्वांना सांगतो आणि ते बहुतेकांना कमीच पडते. तुमच्यासाठी आपण ३० महिने धरू. ३० महिन्यांचा घरखर्च १४ लाख १० हजार, आणि संगीत, भाषांतर, ट्रेलर अशा बाहेरून करून घ्यायच्या कामांचे अडीच लाख, असे मिळून १६ लाख ६० हजार होतात. एवढे दिवस न मिळालेला पगार मी यात धरलेलाच नाही.

ही रक्कम परत येण्यासाठी किती प्रती विकाव्या लागतील, हे पाहू. संगणकावरचे गेम जगभर विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात गेमची किंमत १० डॉलर ठेवली, तरी प्रत्येक प्रतीमागे १० डॉलर मिळत नाहीत. भारतासारख्या देशांत किंमत बरीच कमी ठेवावी लागते, शिवाय अनेक ग्राहक सेल लागेपर्यंत थांबतात. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास ग्राहकाला पैसे परत मागता येतात. लहान गेम तयार करणाऱ्यांना हा नियम विशेष जड जातो. हे सारे वजा जाऊन सरासरी साडेपाच डॉलर हाती राहतात असे समजा. त्यातून त्या-त्या देशाचा विक्रीकर जातो, जो आपल्याकडे जीएसटीच्या रूपाने १८ टक्के आहे. मग राहिले ४.८ डॉलर. त्यावर स्टीमचा ३० टक्के वाटा गेला, की ३.३६. अमेरिकेतील विक्रीच्या तुमच्या वाट्यातून तिथे कापला जाणारा कर आणि बँकेचे शुल्क धरून ३.२ डॉलर, म्हणजे डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास सुमारे २७० रुपये. साडेपाच डॉलरचा आकडा माझे गृहीतक आहे आणि तुम्ही तो बदलून पाहू शकता, पण गणिताची रीत हीच राहील. या हिशोबाने केवळ खर्च भरून काढायला तुम्हाला सहा हजारांहून अधिक प्रती विकाव्या लागतात. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८,००० हून अधिक नवे गेम आले. त्या गर्दीत एका अनोळखी माणसाच्या पहिल्या गेमच्या सहा हजार प्रती जाणे अशक्य नाही, परंतु घरातल्या तिघांचे जेवण त्यावर अवलंबून ठेवावे इतके ते खात्रीचेही नाही.

म्हणून माझे उत्तर असे, की नोकरी आज सोडू नये आणि गेमही सोडू नये. मराठी प्रायोगिक रंगभूमीची जी मंडळी छबिलदासच्या सभागृहात नाटके करत असत, त्यांतली कित्येक दिवसभर बँकेत नाही तर सरकारी कचेरीत काम करून तालमीला येत, आणि त्यामुळे त्यांची नाटके कमअस्सल झाली असे कुणी म्हटलेले नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणारी मुलुंडची एक मुलगी रोज पहाटे साडेपाच ते आठ गेमवर काम करते आणि मग ऑफिसला जाते. तिने एक साधी रेघांची वही ठेवली आहे. डावीकडे तारीख आणि तास, उजवीकडे त्या दिवशी काय झाले, आणि तळाला लाल पेनाने काय काढून टाकले. सात महिन्यांनंतर तिने ती वही मला दाखवली, तेव्हा त्यात लाल शाईच्या नोंदी निळ्या नोंदींच्या जवळजवळ बरोबरीने होत्या. आठ बेटांच्या गेमची आता तीन बेटे उरली आहेत आणि तो येत्या वर्षात पुरा होईल असे मला प्रथमच वाटते आहे. तुमच्या पत्रात भरती-ओहोटीचे चक्र, बदलते ऋतू, फ्लेमिंगोंचे थवे, होडीबांधणी आणि मासळीबाजार एवढे सगळे आहे. त्यातली ओहोटीच्या वाटेची कल्पना इतकी जिवंत आहे, की तेवढ्यावरच गेम उभा राहू शकतो. बाकीचे काढण्याचा निर्णय हा कलेचा जितका आहे तितकाच पैशांचाही आहे, कारण प्रत्येक काढलेला भाग तुमच्या घराचे दोन-तीन महिने वाचवतो.

पहिल्या सहा महिन्यांत २० मिनिटे खेळता येईल असा नमुना तयार करा. त्यानंतर स्टीमवर पान उघडा. त्याचे शुल्क प्रत्येक गेमला १०० डॉलर असून गेमने १,००० डॉलरचा गल्ला केल्यावर ते परत मिळते. ‘लवकरच येत आहे’ हे पान प्रकाशनाआधी किमान दोन आठवडे असावेच लागते, पण दोन आठवड्यांत कुणाला काही कळत नाही. ते वर्षभर आधी उघडावे, म्हणजे गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, ठेवणाऱ्यांची संख्या वाढत जाते आणि प्रकाशनाच्या दिवशी त्या सर्वांना कळवले जाते. स्टीमवर वर्षातून तीनदा भरणाऱ्या नेक्स्ट फेस्ट या नमुन्यांच्या महोत्सवात प्रत्येक गेमला एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे कच्चा नमुना घेऊन तिथे घाईने जाऊ नये. एवढे झाल्यावर लोकांचा प्रतिसाद आकड्यांत तुमच्यासमोर असेल आणि तेव्हा नोकरीचा प्रश्न पुन्हा विचारता येईल. मधला मार्ग म्हणून, सात वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर, आठवड्यातले चार दिवस कंत्राटी काम मिळते का हे ऑफिसात विचारून पाहावे.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच करा. नियुक्तिपत्र काढून, नोकरीत असताना केलेल्या बाहेरच्या कामाबद्दल त्यात काय म्हटले आहे ते वाचा. कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो आणि काही कंपन्यांची नियुक्तिपत्रे याहूनही पुढे जातात. ऑफिसच्या संगणकावर किंवा ऑफिसने घेतलेल्या सॉफ्टवेअरवर गेमची एकही फाइल ठेवू नका.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअर असून दोन वर्षे घरीच गेम बनवतो आहे. यजमान हयात नाहीत. मला निवृत्तिवेतन आहे आणि सहा लाखांची ठेव आहे. ती मोडून द्यावी असे तो म्हणतो. परदेशात एका मुलाने एकट्याने गेम बनवून कोट्यवधी मिळवले, असे तो सांगतो. उलट माझे दीर म्हणतात, की सरकारने गेमवर बंदी आणली आहे. खरे काय? — एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, आपल्या दिरांची गल्लत झाली आहे, आणि ती अनेकांची होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. एकदा किंमत देऊन विकत घ्यायचा आणि घरी बसून खेळायचा गेम त्यात येत नाही. आपला मुलगा करतो आहे ते काम कायदेशीर आहे आणि सरकार या क्षेत्राला प्रोत्साहनही देते आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था मुंबईतच सुरू झाली आहे आणि अॅनिमेशन व गेमिंगसाठी राज्याचे धोरण २०२५ मध्ये मंजूर झाले आहे. अर्थात, धोरण मंजूर झाले म्हणून आपल्या घरातल्या एका मुलाच्या हाती लगेच काही पडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तो ज्या मुलाचे उदाहरण देतो, तो बहुधा स्टारड्यू व्हॅली हा गेम करणारा एरिक बॅरोन असावा. त्याने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने काम केले, २०१६ मध्ये गेम आला आणि त्याला अफाट यश मिळाले, हे सर्व खरे आहे. मात्र त्या वर्षांत तो सिॲटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करत होता आणि घराचा बराच भार त्याच्या जोडीदाराने उचलला होता, हा भाग आपल्या मुलाने सांगितला नसेल. जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे आहे. त्यांचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये जगभर पोहोचला, पण त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. ठरवलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर तिथे काहीच मिळत नाही. शिवाय भारतात राहणाऱ्या माणसाला तिथे स्वतःच्या नावाने प्रकल्प मांडताही येत नाही, त्यामुळे मुलाने त्या वाटेचा विचार केला असेल तर तोही आताच सोडलेला बरा.

ठेव मोडू नये, असे मी आपल्याला स्पष्टपणे सांगतो. त्या सहा लाखांत आपले म्हातारपण आहे. दागिने गहाण ठेवणे किंवा मुद्रा योजनेतून कर्ज काढणे हेही या कामासाठी योग्य नाही, कारण कर्जाचा हप्ता पुढल्या महिन्यापासून सुरू होतो आणि गेमचे उत्पन्न, आलेच तर, दोन वर्षांनी येते. आपण मुलाला देऊ शकता ते आपण आजही देत आहात, राहायला घर आणि दोन वेळचे जेवण, आणि मुंबईत त्याचे मोल फार मोठे आहे. वरखर्चासाठी त्याने बाहेरची कामे घ्यावीत. इंजिनीअर मुलाला जाहिरात कंपन्यांची किंवा शैक्षणिक अॅपची कामे याच शहरात मिळतात आणि महिन्याचे दहा दिवस तरी त्यांना द्यावेत. मी आपल्याला एवढेच सुचवेन, की त्याच्यावर रागावण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून तो गेम खेळून पाहावा आणि दोन वर्षांत झालेले काम स्वतः पाहावे. दाखवण्याजोगे काही असेल तर तो आनंदाने दाखवील. दाखवायला टाळाटाळ करू लागला, तर पैशांच्या आधी त्या विषयावर बोलायला हवे.

प्रश्न : माझ्या गेमचे पहिले पैसे स्टीमकडून बँकेत आले. त्यातून अमेरिकेत कर कापलेला दिसतो. इथेही कर भरायचा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : होय, इथेही हे उत्पन्न दाखवायचे आहे, पण एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर पडत नाही. अमेरिकेतील ग्राहकांना झालेल्या विक्रीच्या तुमच्या वाट्यावर तिथे कर कापला जातो. करविषयक माहिती भरताना तुम्ही पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका करारातील तरतूद निवडली असेल तर तो १५ टक्के, नाही तर ३० टक्के असतो. तुमच्या पावतीवर ३० दिसत असेल तर ती माहिती आजच दुरुस्त करा. कापलेल्या कराचे १०४२-एस हे प्रमाणपत्र वर्षातून एकदा मिळते. ते आणि बँकेचे परकीय रक्कम जमा झाल्याचे पत्र जपून ठेवावे, कारण त्यांच्याच आधारे इथल्या करातून वजावट मागता येते. त्यासाठीचा वेगळा फॉर्म मुदतीत भरायला विसरू नका.

प्रकाशनाच्या महिन्यात एकदम मोठी रक्कम येते आणि पुढे ती झपाट्याने आटते. वर्षाचा देय कर १०,००० रुपयांच्या पुढे जाणार असेल तर आगाऊ कर हप्त्यांनी भरावा लागतो, म्हणून प्रत्येक रकमेतला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्याला हात लावू नये. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची साधारणतः गरज पडत नाही. नोंदणी घेतली तरी परदेशात पुरवलेली सेवा शून्य दराची धरली जाते, मात्र त्यासाठी दरवर्षी हमीपत्र द्यावे लागते. पहिल्या वर्षी तरी सीएची फी वाचवू नये.

प्रश्न : आम्ही दोन मित्रांनी मिळून गेम केला असून तिसऱ्या मित्राने पैसे न घेता संगीत दिले आहे. आता एक परदेशी प्रकाशक २० लाख रुपयांएवढी उचल देऊ करतो आहे आणि पुढे नफ्यात निम्मा वाटा. आमच्यात लेखी काहीच नाही. सही करावी का? — एक वाचक, दादर

उत्तर : प्रथम उचलीबद्दल. ही रक्कम बक्षीस नाही. ती तुमच्या विक्रीतूनच वसूल होणार आहे, आणि कशी वसूल होणार ते ठरवणारे कलम करारात सर्वांत महत्त्वाचे असते. एकूण जमेतून आधी २० लाख वळते होऊन मग निम्मे-निम्मे वाटप होणार असेल, तर २० लाखांनंतरच्या पहिल्या रुपयापासून तुम्हाला मिळू लागेल. पण उचल फक्त तुमच्या निम्म्या वाट्यातून वळती होणार असेल, तर जमा ४० लाखांवर जाईपर्यंत तुमच्या हाती दमडी येणार नाही आणि प्रकाशकाला मात्र पहिल्या दिवसापासून मिळत राहील. ‘निम्मा वाटा’ हे शब्द दोन्हीकडे तेच असतात. जाहिरातीचा खर्चही आधी वसूल करायचा असे लिहिले असेल, तर त्याला कमाल मर्यादा घालून घ्या. उचल टप्प्याटप्प्याने मिळणार असल्यास प्रत्येक टप्प्याचे काम किती दिवसांत तपासून पैसे द्यायचे हे लिहून घ्या, नाही तर तपासणी लांबते आणि तेवढे दिवस तुमचे घर उधारीवर चालते. प्रकाशकाने ठरलेल्या मुदतीत गेम बाजारात आणला नाही, तर सारे हक्क तुमच्याकडे परत यावेत. गेमची मालकी मात्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. सध्या भारतात अनुदान किंवा मार्गदर्शन देणारे काही उपक्रम आहेत. क्राफ्टन कंपनीचा इन्क्युबेटर २०२३ मध्ये आणि त्याच वर्षी सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट सुरू झाला. तिथेही अर्ज करून पाहावा, म्हणजे प्रकाशकाशी बोलताना तुमच्या हाती दुसरा पर्याय असेल.

परंतु माझी खरी काळजी तुमच्या पत्रातल्या ‘लेखी काहीच नाही’ या वाक्याची आहे. दोघांचा व्यवहार भागीदारीचा मानला गेला आणि करार नसला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा समसमान वाटला जातो. एकाने तीन वर्षे आणि दुसऱ्याने आठ महिने काम केले असले तरीही. तुम्हाला तेच हवे असेल तर उत्तम, पण ते ठरवून असावे. संगीताचे प्रकरण याहून नाजूक आहे. कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क केवळ भारतापुरता मिळाला असे मानतात. मैत्रीत घाईघाईने लिहिलेल्या दोन ओळींवर तुम्ही जगभर विकला जाणारा गेम उभा कराल आणि सहाव्या वर्षी त्यातले संगीत वाजवण्याचा हक्क तुमच्याकडे उरणार नाही. प्रकाशकाचा वकील हा कागद मागेलच, आणि तुमच्या करारात ‘सर्व हक्क आमचे आहेत’ अशी हमीही लिहून घेईल. आज तशी हमी देणे म्हणजे खोटे लिहून देणे होईल.

मित्राने तेव्हा पैसे घेतले नाहीत, कारण तेव्हा पैसे नव्हते. आता येणार आहेत. त्याला उचलीतून एक ठरावीक रक्कम आणि पुढच्या जमेत, तुम्हा तिघांना पटेल तेवढा, हिस्सा द्यावा. गेममध्ये आणि जाहिरातीत त्याचे नाव कसे येईल हे लिहावे. ही धून त्याला गेमबाहेर वाजवता किंवा विकता येईल का तेही लिहावे. मुदत आणि ‘संपूर्ण जग’ हे शब्द स्पष्ट असावेत. मसुदा कॉपीराइटचे काम करणाऱ्या वकिलाकडून करून घ्यावा आणि त्याची फी तुम्ही दोघांनी भरावी, त्याच्या वाट्यातून नव्हे. प्रकाशकाला पंधरा दिवसांची मुदत मागा. खरोखर गेम हवा असेल तर तो ती देतो. त्या पंधरा दिवसांतली पहिली भेट संगीतकार मित्राची असावी, आणि हे बोलणे फोनवर न करता त्याच्या घरी जाऊन करावे.